भंडारा उचलून सोडलेला चहा

माझी बायको रोज सकाळी चहाचा कप हातात देते आणि विचारते, "कसा झालाय?" मी म्हणतो, "चांगला झालाय." एवढ्यावर आमचा संवाद संपतो. ती शेजारणीकडे तक्रार करते की या माणसाला लग्नाच्या पंगतीत वरणात मीठ कमी पडलं तर तासभर बोलता येतं, वाढप्याची चाल उठून करून दाखवता येते, आणि माझ्या चहाला मात्र एकच शब्द. तक्रार खरी आहे. तिला वाटतं मला तिचा चहा आवडत नाही. तसं नाही. चहावर जे काही बोलायचं होतं ते मी सतराव्या-अठराव्या वर्षी दीड वर्षात बोलून टाकलं. ऐकणारा एकच होता, माझा बाप. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

आमचं गाव ताडकळसपासून दोन कोसांवर. घरी शेळ्यामेंढ्या आणि देव पावला तर ज्वारी देणारी थोडी जमीन. आबा दिवसभर शेळ्यांमागे आणि उरलेला वेळ चहामागे. दारू नाही, विडी नाही, पान नाही. चहा मात्र असा की सकाळी बशी तोंडाला लागल्याशिवाय ते शेळ्यांशीसुद्धा बोलायचे नाहीत. घरचा चहा शेळीच्या दुधाचा आणि गुळाचा. गुळानं दूध नासतं, म्हणून माय आधी पाण्यात पत्ती आणि गूळ उकळायची, पातेलं चुलीवरून खाली उतरवायची आणि मग वेगळं तापवलेलं दूध वरून बारीक धारेनं सोडायची. त्या चहाला एक उग्र वास असे. ज्याला आवडला त्याला दुसरा कुठला आवडत नाही. ज्याला नाही आवडला तो आमच्याकडे दुसऱ्यांदा पाहुणा येत नसे. बाजाराच्या दिवशी मात्र आबा ताडकळसला चाचांच्या हॉटेलात जात. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि एक भट्टी. पण चाचा ऐन उमेदीत हैदराबादेत इराण्याकडे चहा करून आलेले. त्यांच्या चहात म्हशीचं दूध, साखर आणि वर बोटभर साय. आबा म्हणायचे, "घरचा चहा बायको हाय, बाजारचा चहा सासुरवाडी." माय म्हणायची, "मग ऱ्हावा की तिकडंच."

आता माझा पराक्रम सांगतो. मी मॅट्रिकला नापास झालो. सगळ्या विषयांत नाही, फक्त मराठीत. जन्मापासून मराठी बोलणाऱ्या पोरानं मराठीत नापास व्हावं याला काही कारण लागतं, ते असं. पाचवीच्या अर्ध्यापर्यंत मी उर्दूत शिकलो. गणित म्हणजे हिसाब, भूगोल म्हणजे जुगराफिया. मग निजामाचं राज्य गेलं आणि काही दिवसांत तेच मास्तर तोच भूगोल मराठीत शिकवू लागले. तेही आमच्याइतकेच घाबरलेले होते. मला मराठी बोलता यायचं, वाचताही यायचं, पण लिहायला बसलो की उर्दूच्या सवयीनं हात कागदाच्या उजव्या कडेला जाऊन थांबायचा आणि मास्तरांच्या छडीची वाट पाहायचा.

आबांनी निकाल ऐकून घेतला. उठले आणि बिरोबाच्या देवळाकडे चालू लागले. गावात निकालाची बातमी आमच्याआधी पोचली होती, त्यामुळे मागं दहा-बारा माणसं. आबांनी देवापुढचा भंडारा, म्हणजे हळद, चिमटीत उचलला आणि मोठ्यानं म्हणाले, "पोरगं म्याट्रिक व्हईस्तवर चहा तोंडाला लावणार न्हाई."

भंडारा उचलून बोललेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. मोडणाऱ्याचं देव काय करतो ते कुणी पाहिलेलं नाही, कारण कुणी मोडलेलाच नाही. लोक देवाला बकरं बोलतात. पण बकऱ्यांच्या घरातून बकरं दिलं तर देवाला त्याचं काय कौतुक? आबांनी जे देताना जीव कासावीस होईल तेच दिलं.

घरी आल्यावर माय म्हणाली, "आन माझं काय?"

"तू पी की. भंडारा म्या उचललाय."

"पिणारच हाय," माय म्हणाली. आणि प्यायली. पहिले आठ दिवस भिंतीकडे तोंड करून, नंतर समोर बसून.

पुढच्या बाजारी मी आबांबरोबर गेलो. नापास माणसाला दुसरं काम काय? सवयीनं आबांचे पाय हॉटेलाकडे वळले आणि दारात थांबले. चाचांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "मामू, अंदर तो आओ. बैठने की कसम थोडी खाई." बाकावर वाद सुरू झाला. बसलेलं चालतं का? चालतं. वास घेतलेला चालतो का? बिरोबाचे म्हातारे पुजारी तिथंच बसले होते. त्यांनी बशीतला घोट संपवला, मिशी पुसली आणि निकाल दिला, "भंडारा तोंडाचा उचलला, नाकाचा न्हाई."

आबांनी एक चहा मागवला, बशीत ओतला, नाकाखाली धरला, डोळे मिटले. मग बशी माझ्यापुढे सारली. "पी."

मी प्यालो.

"कसा हाय?"

"चांगला हाय."

"चांगला तर बैल बी असतो," आबा म्हणाले. "नीट सांग."

अख्खं बाकडं माझ्याकडे बघायला लागलं. मी दुसरा घोट घेतला, तो तोंडात फिरवला आणि काहीतरी बोलायला सुरुवात केली. आल्याचा आधी पत्ताच लागत नाही म्हणालो. घोट खाली उतरतो, माणूस निर्धास्त होतो, आणि मग ते मागून येऊन खांद्यावर हात ठेवतं. साय ओठाला अशी लागते की पुसावी वाटत नाही. आबांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. घोट मी घेतला होता, गिळला त्यांनी.

त्या दिवसापासून हा आमचा दर बाजारचा रिवाज झाला. आबा वास घेत, मी पीत असे आणि सांगत असे. लोक ऐकायला थांबू लागले. माझं सांगून झालं की पाच-सहा जण तरी चहा मागवत आणि पिऊन झाल्यावर माझ्याकडे संशयानं बघत. चाचांनी माझ्यासाठी निळ्या काठाची कपबशी वेगळी ठेवली. मी उभा राहून सांगू लागलो, हात फिरवून सांगू लागलो. भट्टीचा धूर लागलेला चहा असला तरी मी त्यात वेलदोडा काढून दाखवायचो. एकदा तर दूध करपलं होतं. चाचांनीच स्वतःचा कान पकडला. मी म्हणालो, आबा, आज चहाला तव्यावरल्या खव्याची चव आलीय. आबांचा चेहरा फुलला. करपलेल्या दुधावर माणूस इतका खूष झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

मधल्या काळात त्यांनी चहाची जागा भरून काढायची खटपट केली नाही असं नाही. ताक पिऊन पाहिलं. "ताक पिऊन माणूस झोपतंय, चहा पिऊन बोलतंय," म्हणाले आणि सोडलं. सुंठीचा काढा झाला, आजाऱ्यासारखं वाटतं म्हणून तोही गेला. गवती चहाच्या पानांचा उकाळा पुजाऱ्यांनीच नामंजूर केला. नावात चहा आहे, देवाला उगाच संशय कशाला. एकदा आबा शेळी विकायला पूर्णेच्या रेल्वे वसाहतीत गेले होते. तिथल्या एका मद्राशी बाईंनी त्यांना पितळेच्या भांड्यात कॉफी दिली. आबा घरी आले. मायनं विचारलं, "कशी व्हती?"

"चहाचा चुलतभाऊ हाय," आबा म्हणाले. "तसंच नाक, तसाच रंग. त्येला बगून भावाची सय जास्तच यायलीय."

या सगळ्यात मी ऑक्टोबरला नापास झालो. पुढच्या मार्चला पुन्हा नापास झालो. पहिलं नापास होणं उर्दूच्या माथी मारता येईल. दुसरं थोडंफार. तिसरं माझ्याच माथी. मी अभ्यास केलाच नव्हता. बाजारच्या दिवशी बाकावर माझी वाट पाहणारी माणसं होती, मी आलो की जागा व्हायची, आणि पास झालो तर हे सगळं संपणार होतं. हे मी तेव्हा स्वतःशीही बोललो नाही. आबांनी तिसऱ्या निकालावर एवढंच म्हटलं, "व्हईल." आणि बाजारात जाऊन माझ्यापुढे बशी सारली.

मग उन्हाळ्यातली एक दुपार आली. मी ओढ्यावरून घरी आलो. माय शेजारी गेलेली. आबा शेळ्या झाडाखाली बसवून पाणी प्यायला आले असावेत. मायचं चहा गाळायचं फडकं खुंटीवर असायचं. धुऊनही तपकिरीच राहिलेलं. आबांनी ते काढून ओंजळीत धरलं होतं आणि त्यात तोंड खुपसून उभे होते. तोंड कसलं, नाकच. भंडारा तिथंही मोडला नव्हता. मी दारात उभा आहे हे त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी फडकं झटकलं आणि खुंटीवर नीट अडकवलं.

"वाळलं का बगत व्हतो," म्हणाले.

मी काही बोललो नाही. मी, जो करपलेल्या दुधावर अर्धा तास बोलत असे.

दुसऱ्या दिवशी मी वही काढली. निबंध कशावर लिहायचा हे सुचेना, तेव्हा बाजारात जे बोलत होतो तेच लिहायला लागलो, डावीकडून उजवीकडे. आलं, साय, भट्टीचा धूर, बशीवरची फुंकर. चहा संपला तेव्हा शेळ्यांवर लिहिलं, मग पूर्णेच्या इंजिनावर. बाजारी जात होतो, पण आता लवकर आटोपतं घेत होतो. लोक म्हणाले, पोरगं बिघडलं.

ऑक्टोबरच्या परीक्षेत मी पास झालो. निकाल घेऊन आलो तेव्हा आबा शेळ्यांच्या वाड्यात करडं मोजत होते.

"खरं?"

"खरं."

"मराठीत बी?"

"मराठीत बी."

त्यांनी करडं पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग देवळात जाऊन भंडारा लावून आले. तोवर मायनं चुलीवर पातेलं ठेवलं होतं, पाण्यात गूळ टाकला होता. आबा दारातून म्हणाले, "ठेव ते. बाजारात पितो."

"चार दिस हायेत बाजाराला."

"आसू दे. ह्यो बाजारात सांगायचा त्योच प्यायचाय पयला."

मायनं पातेलं चुलीवरून उतरवलं. "म्हंजी दीड वर्स माज्या चहाचा वास फुकटच घेतला म्हणा," ती म्हणाली. बाजारच्या दिवशी ती आमच्याबरोबर आली. बायका हॉटेलात बसत नसत. ती दाराबाहेर पदर ओढून उभी राहिली, आणि चाचांनी आतलं एकमेव स्टूल तिच्यासाठी बाहेर नेऊन ठेवलं.

चाचांनी त्या दिवशी पातेलं दोनदा घासलं. माझी निळ्या काठाची कपबशी आबांपुढे आली. बाकडी भरली होती, लोक उभे होते. आबांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. नाकाखाली धरला, आणि या खेपेला बशी माझ्याकडे सरकली नाही. सुर्र असा आवाज झाला.

चाचांना राहवेना. "कैसा है, मामू?"

आबांनी दुसरा घोट घेतला. सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलले, काही जुळवाजुळव चालली असावी.

"चांगला हाय," आबा म्हणाले.

बाहेरून मायचा आवाज आला, "चांगला तर बैल बी असतो." हॉटेल हसून हसून कोसळायचं राहिलं. आबाही हसले. चहा त्यांनी पुरता संपवला, बशी वाकडी करून शेवटचा थेंबसुद्धा.

परतताना माय बाजारातल्या बायकांबरोबर मागं होती. आम्ही दोघं पुढं. बरंच अंतर गेल्यावर आबा म्हणाले, "लेका, तू सांगायचास तसला न्हाई लागला."

माझा पाय अडखळला. म्हणालो, "आबा, म्या वाढवून सांगायचो."

"ठावं हाय. जन्मात चहा पिला न्हाई का म्या." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पर म्हणलं, दीड वर्सात सुधारला बी आसंल."

पुढच्या बाजारी त्यांनी चहा मागवला आणि बशी माझ्यापुढे सारली. "आदी तू पी. सांग. मग म्या पितो." मी सांगत असे आणि तेवढ्यात त्यांचा चहा गार होत असे. तो ते गारच पीत. असे पाच-सहा बाजार झाले असतील. मग आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला, कचेऱ्यांना मराठी लिहिणारी माणसं हवी झाली, आणि मराठीत तीनदा नापास झालेला मी कारकून म्हणून दूर नोकरीला लागलो.

दर महिन्याला घरी पत्र लिहीत होतो. प्रकृती, पगार, पाऊस, कधी येणार. गावातले गुरुजी ते वाचून दाखवत. आबा गेल्यावर मी घरी होतो तेव्हा मायनं सांगितलं की पत्र संपून गुरुजींनी घडी घातली की आबा दर वेळी विचारायचे, "आन चहाचं काय लिवलंय?" गुरुजी कागद उलटून पाहायचे आणि म्हणायचे, काही नाही लिहिलं. आबा म्हणायचे, "लिवील फुडच्या खेपंला."

आठ वर्षं मी पत्रं लिहिली. चहाचं एकदाही काही लिहिलं नाही.