चौदा एप्रिलचं पाणी

अंबडला समुद्र कुठला! पण आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत देवानंदने तो चार टबांत करून ठेवला होता. तो तिथला शिपाई, मी ऑफिसातला कारकून. फिल्टरच्या पाण्यात क्षार मापून कालवायचे आणि त्यात रत्नागिरीहून आलेले शिंपले सोडायचे, हे त्याचं काम.

प्रयोग राधेश्याम सरांचा. सनस्क्रीनमधल्या पांढऱ्या भुकटीचे नॅनोकण समुद्रात उतरतात. शिंपले पाणी गाळून पोट भरतात, तेव्हा ते कणही पोटात जातात. मग स्वच्छ पाण्यात ठेवले की विष्ठेवाटे बाहेर पडतात. फक्त दर बारा तासांनी, सकाळ-संध्याकाळ सातला, पाणी बदलायला हवं, नाहीतर टाकलेलंच पुन्हा गिळतात. देवानंदने एक वेळ कधी चुकवली नाही.

गेल्या वर्षी चौदा एप्रिलला संध्याकाळी जयंतीची मिरवणूक निघाली आणि सरांचा फोन आला. "देवानंद, तुझ्याशिवाय माझा कुणावर भरवसा नाही रे." पठ्ठ्या निळ्या फेट्यातच आला. चारही टबांचं पाणी बदलून परत जाईपर्यंत मिरवणूक संपली होती.

दिवाळीत सरांचा शोधनिबंध छापून आला. आभारात वडिलांचं नाव असेल म्हणून देवानंदची मुलगी रूपाली कौतुकाने वाचायला बसली. तीन दिवसांत शिंपले पूर्ण स्वच्छ होतात, असं सरांना दाखवायचं होतं. पण चौथ्या टबातल्या शिंपल्यांत कण उरले होते. त्याचं कारण छापलं होतं: 'चौदा एप्रिलला कर्मचारी मिरवणुकीस गेल्याने या टबाचे पाणी बदलायचे राहिले. सबब हा टब वगळला.'

दुसऱ्या दिवशी देवानंद माझ्यादेखत सरांसमोर उभा राहिला. "सर, तुमीच फोन करून बोलावल्तं. मी चारी टब बदलले."

"अरे, कुठंतरी चूक दाखवावी लागते. नाव थोडंच लिहिलंय? तुझं काय जातं?"

वीस वर्षं इमानाने राबलेल्या माणसाचा असा केसाने गळा कापला! टब उचलून सरांच्या डोक्यावर ओतावा असं वाटलं. पण मीही गप्प बसलो, त्याची लाज अजून वाटते.

यंदा मिरवणुकीत मी देवानंदच्या शेजारी होतो. प्रयोगशाळेत नवे शिंपले आले होते. संध्याकाळी सहाला त्याचा फोन वाजला. सरांचा. त्याने पाहिला आणि खिशात ठेवला. परत वाजला.

"उचलायचा न्हाई का?" मी विचारलं.

"मी गैरहजर हाय."

पोरं नाचत होती. त्याचं सगळं लक्ष घड्याळात. सात वाजले तसे त्याचे डोळे भरून आले.

"आता ते शिंपले आपलंच टाकलेलं गिळून राह्यले असतील," तो म्हणाला.