धाडचं मशीन स्वयंपाकघरात

ये वं बाई, अशी जवळ सरकून बस. पुण्यात बसून वाचत असशील, तरी सरक. दिवाळीले येते म्हणाली होतीस, मग आली काऊन नाही? मी रागावले नाही. पण चिवडा मऊ पडला, तो एकटीनंच संपवला.

तू माझ्या पहिल्या वर्गातली. मेल सर्व्हर कसा उभा करायचा हे मी ऑफिसात मोडून-जोडून शिकले, आन् निवृत्त झाल्यावर इथल्या इन्स्टिट्यूटमध्ये तुम्हाले शिकवलं. आता तिथले सर म्हणतात, "काकू, पुढचा कोर्स आखून द्या, अवघडवाला." मी हो म्हणून बसले. नाहीतरी घरात बोलायला कोण आहे?

तुमच्यात एक खोड होती, आठवते? मेल पाठवली की लॉग, म्हणजे मशीननं लिहून ठेवलेली नोंद, वाचायचा सोडून खोलीच्या दुसऱ्या टोकाले हाक मारायची, "आली का वं?" तिकडून उत्तर, "नाही. तुले पाठवता येते का तरी?" सगळा वर्ग हसायचा. मी म्हणायची, "तिले काय विचारून राह्यली? मशीनले विचार. उद्या समोरचा सर्व्हर दुसऱ्या देशात असला, तर ओरडशील का?"

म्हणून नव्या कोर्सात एक सराव घातला. दोघीजणी, दोन खोल्या. एकीच्या मशीनचं नाव देऊळघाट, दुसरीच्या धाड, आपल्याकडच्याच दोन गावांची नावं. धाडवालीनं आपल्या सर्व्हरमध्ये गुपचूप काहीतरी बिघडवायचं. देऊळघाटवालीनं मेल पाठवायची आन् नुसता आपला लॉग वाचून ओळखायचं, की ती कशानं अडकली. माझ्या मते कोर्स म्हणजे एवढंच. बाकी सगळं पुस्तकात मिळते.

पण वर्गात देण्याआधी करून पाहायला नको? देऊळघाट बैठकीत मांडलं, धाड स्वयंपाकघरात, ओट्यावर, डब्यांच्या शेजारी. धाडमध्ये बिघाड केला, हात पुसत बैठकीत आले, मेल पाठवली. ती रांगेत थांबली. लॉग उघडला, पण शोधू काय? बिघाड माझाच. लपायचंही मीच आन् शोधायचंही मीच. मग एकदा सकाळीच बिघडवून ठेवलं, म्हटलं संध्याकाळपर्यंत विसरून जाईन. विसरले नाही. दिवसभर तेच डोक्यात. दुसरं काही घडतच नाही ना घरात.

शेवटी बिघाड काढला, अडकलेली मेल पुन्हा सोडली, आन् तोंडातून निघून गेलं, "आली का वं?"

स्वयंपाकघरात फक्त फ्रिजचा आवाज. मग उठून जाऊन पाह्यलं. आली होती.

आता सर विचारून राह्यले, सराव जमतो का? नाहीतर काढून टाका, त्या जागी लेक्चर ठेवू. मी म्हटलं, थोडं थांबा. दोन्ही मशीनं अजून तशीच मांडलेली आहेत. ओट्यावर जागा नाही, पोळ्या खाली बसून लाटते.

तू वर्गात चुकून करून ठेवलेला बिघाड मले कधी लवकर सापडला नाही. म्हणून तूच पाहिजे. धाडवर तू बस, मी बैठकीत. मी हाक मारली तर उत्तर देऊ नको, मशीनले विचारा म्हण. "पुण्यातूनच जोडून करू की काकू," असं म्हणशील. करता येते, मलेही माहीत आहे. तरी ये. या शनिवारी सुट्टी असेल, तर या शनिवारीच ये.