श्री नसलेलं पत्र

आत्माराम मूळचा मिरजेच्या कारखान्यातला लेथवाला. हात असा बसलेला की कारखान्यानं त्याला शिकायला थेट श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला धाडला, आणि तिथल्या माइस्टरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, तो सोडलाच नाही. बायको कुसुम आणि सहा वर्षांची शुभा मागनं बोटीनं आल्या. गडी कामाला वाघ, पण पोटातली गोष्ट ओठावर आणायची म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

बासष्ट सालच्या मे महिन्यात, एका शुक्रवारी, कारखान्याच्या पत्त्यावर बुधगावहून पत्र आलं. माथ्यावर श्री नव्हता. तिथंच त्यानं ओळखलं. कुसुमचे वडील, आबा, गेले होते. मेहुण्यानं, श्रीपादनं, कळवलं होतं. पहिल्या चार ओळी वाचल्या, पुढची अक्षरं हलायला लागली. असलं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नसतं. त्यानं रीतीप्रमाणं ते कारखान्यातच फाडून टाकलं.

रविवारी श्टुटगार्ट बघायला जायचं हे कुसुमनं दोन महिन्यांपासनं धरून ठेवलेलं. हिवाळाभर एका खोलीत कोंडलेली बाई. आत्मारामनं मनाची समजूत घातली : आबांना जाऊन चौदा दिवस झाले, तिकडं तेरावंसुद्धा उरकलं असंल. सुतक ऐकल्यापासनं लागतं, मग रविवारी सांजच्यालाच ऐकवू. एक दिवस हसू दे तिला.

ट्राम सुटेपर्यंत त्याला ही दया वाटत होती. पण कुसुमनं ठेवणीतली अबोली साडी नेसलेली, आणि जे दिसेल ते ती आबांच्या नावावर टाकत चाललेली. राजवाड्यापुढचं कारंजं आबांना कळवायचं, ट्रामवाल्याची टोपी आबांना कळवायची. प्राणिबागेत हत्ती दिसल्यावर तिनं हात जोडले आणि गावाकडच्यासारखी त्याची विचारपूस केली. त्याला मराठी येत नाही, असं शुभानं जर्मनमधनं बजावलं.

“त्याला कळतंय. तुलाच कळंना झालंय,” कुसुम म्हणाली, आणि एवढी हसली की आत्मारामला तोंड फिरवावं लागलं.

मग तो जो दिसेल तो पदार्थ घेत सुटला. खाऱ्या, पीळ घातलेल्या पावाची ब्रेत्सेल झाली, लिंबाचं सरबत झालं. आज सूर्य कुठनं उगवलाय, असं कुसुमनं विचारून बघितलं. तो नुसता हसला, आणि ते हसू त्याचं त्यालाच कडू लागलं.

टेलिव्हिजनच्या मनोऱ्यावर लिफ्टनं वर गेले. खाली सगळं शहर भातुकलीएवढं. आत्मारामनं तिघांना आइस्क्रीम मागवलं. शुभा काचेला नाक लावून उभी राहिली. कुसुमनं मनोऱ्याचं चित्र असलेलं कार्ड घेतलं, आइस्क्रीम संपवून टेबलाशी बसून बारीक अक्षरात ‘तीर्थरूप आबांस’ घातलं, खाली मजकूर भरला आणि कार्ड नवऱ्याकडं सरकवलं. विलायती अक्षरात पत्ता नेहमी तोच घालायचा.

पेन टेकलं आणि हातानं आपसूक श्रीपादचं नाव लिहिलं. मेलेल्या माणसाचं नाव त्याला लिहवलंच नाही.

शुभाच्या शाळेच्या पुस्तकावरनं कुसुम ती अक्षरं शिकली होती. बोट ठेवून तिनं वाचलं.

“दादाच्या नावानं का घातलं?”

“घर एकच की.”

“आजवर एकबी पत्र दादाच्या नावानं गेलं न्हाई.” बोट नावावरच ठेवून ती त्याच्याकडं बघत राहिली. “कधी?”

“सोळा दिवस झालं.”

“तुमास्नी कधी कळलं?”

“शुक्रवारी.”

कुसुमनं समोरच्या रिकाम्या वाटीकडं बघितलं. “आणि मला आइस्क्रीम खायला घातलं तुमी.”

तिनं पत्र मागितलं. फाडलं, रीतच हाय, असं तो पुटपुटला.

“आबांनी माझं नाव काढलं हुतं का? काय लिवलं हुतं?”

हो म्हणायला काय जात होतं. जीभ उचललीसुद्धा. पण दोन दिवसांच्या खोट्यानं तो पार शिणला होता.

“खाली मजकूर हुता. मी वाचला न्हाई, कुसुम.”

ती रडली नाही. शुभा जवळ आली, तिला तिनं मांडीशी धरलं. मग पेन घेऊन ‘तीर्थरूप आबांस’ वर एक रेघ ओढली, आणि कडेला उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं : दादा, तुझं पत्र फाटलं. पुन्हा लिही, सगळं लिही. माझ्या नावानं, घरी पाठव.