न फुटलेला गोळा

माझे सासरे जहाजावर आगवाले होते. बॉयलरच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकायचे. ग्लासगोत आल्यापासून मी मात्र सगळ्यांना सांगत आलो, ‘शिपिंगमध्ये ऑफिसर होते.’ हॉस्पिटलात सांगितलं, मराठी मंडळात सांगितलं. बायको ऐकायची, कधी खोडायची नाही.

एका दिवाळीच्या जेवणात तिने त्यांची एक आठवण सांगितली. इटलीत जिनोआ बंदरावर चढावरच्या एका पट्ट्यापट्ट्यांच्या देवळात भला मोठा तोफगोळा उभा करून ठेवलाय म्हणे. मी म्हणालो, “जहाजावरची माणसं, थापा मारायला त्यांना समुद्र पुरत नाही.” सगळे खो खो हसले. पुन्हा तिने ती गोष्ट काढली नाही.

गेल्या वर्षी आमची क्रूझ जिनोआलाच संपली. विमान संध्याकाळचं होतं. बॅगा ठेवल्या आणि मी फोनवर नकाशा उघडला.

“अहो, ठेवा ते. बाबा सांगायचे, बंदराकडे पाठ करायची आणि चढ धरायचा.”

गल्ल्या इतक्या अरुंद, की हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात. वर सहा-सहा मजले, आकाशाची नुसती चिंधी. मासे तळल्याचा वास. दुखऱ्या गुडघ्याची ही बाई एकदाही न थांबता वळत होती. मी मागे.

अचानक उजेड आला. समोर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचं प्रचंड चर्च. मान मागे टाकली तरी ते संपेना. आत उजव्या हाताला, भिंतीशी, जवळजवळ माझ्या छातीपर्यंत येणारा लांबट गोळा उभा होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांनी डागलेला. छत फोडून आत आला आणि फुटलाच नाही. मी पाटी दोनदा वाचली. अंगावर कोळशाची काजळी घेऊन तो माणूस इथेच उभा राहिला असणार, आणि मुलीसाठी एवढी गोष्टच घरी घेऊन गेला.

क्रूझवर आमच्या टेबलावर असलेली स्कॉटिश बाई तिथे भेटली. बायकोला म्हणाली, “तुमचे वडील यायचे ना इथे? ऑफिसर होते ते?”

“यांना विचारा.”

आणि मी, त्या गोळ्यासमोर उभा राहून, “हो” म्हणालो.

बायको वळून दाराकडे चालू लागली.

म्हणून हे लिहिलं. मंडळाच्या अंकाला देण्याआधी तिला वाचून दाखवलं. तिने चष्मा पुसला.

“बाबा जयगडचे होते, तेही घाला.”

जयगडचे होते.