चुलीजवळची केबिन

समुद्र पाहायच्या आधीच मी जहाजात राहून आले होते, आणि तेही पांढरकवड्यात. हसू नका. खरंच सांगते. आमच्या मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, चुन्यानं आखलेली माझी केबिन होती आणि त्या उन्हाळ्यात मी दुपारच्या दुपारी तिच्यात लोळून काढल्या.

नागपूर–हैदराबाद रस्त्यावर आमची खानावळ होती. बाबा गल्ल्यावर, माय चुलीवर. दारापुढं ट्रक उभे राहत, ड्रायव्हर लोक बाजेवर बसून भाकर-वरण खात आणि पुढं जात. माझं लग्न होऊन नवरा कामासाठी विलायतेला गेला होता. तिथं एका कारखान्यात लागला होता. वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं लागलं. गावातल्या बाया नळावर मला पाहून गप्प होऊ लागल्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "काहून वं, जावई मडमीसंगं राह्यते म्हंते, खरं काय?" मी तिच्या घागरीला लाथ मारली असती, पण घागर तिची नव्हती, तिच्या जावेची होती.

मग एकदाचं पत्र आलं. ये म्हणून. जहाजाचं भाडं त्यानं भरलं होतं, आणि सोबत कंपनीनं छापलेला जहाजाचा नकाशा होता. बायकांच्या खोल्यांमध्ये तीन ठिकाणी जागा शिल्लक आहे, त्यावर खुणा केल्या आहेत, घरच्यांना विचारून एक निवड आणि मुंबईच्या एजंटाला कळव, असं लिहिलं होतं. घरच्यांना विचारून! त्याला काय माहीत, आमच्या घरचे म्हणजे अर्धा हैदराबाद रस्ता.

दुसऱ्या दिवसापासून जो ड्रायव्हर जेवायला येई, त्याच्यापुढं बाबा आधी पाणी ठेवत आणि मग नकाशा. आमच्याकडे केबिन म्हणजे ट्रकची, एवढंच लोकांना ठाऊक. त्यामुळं प्रत्येकाकडं अक्कल होती. त्यात एक म्हातारा ड्रायव्हर होता, हैदराबादेकडचा, सगळे त्याला चाचा म्हणत. त्यानं जेवण बाजूला सारलं आणि नकाशा मांडीवर घेतला.

"बेटी, सामने का नक्को," तो म्हणाला. "सामने का हिस्सा उछलता. पीछे का भी नक्को. बीच का लेओ, बीच में झटके कम. और इंजन के बाजू तो बिलकुल नक्को, भुन जाती तू."

मला हे पटलं. मी मॅट्रिक होते, नकाशावरचं इंग्रजी मीच वाचून दाखवत होते. तीन जागांतली एक अगदी पुढच्या टोकाला होती, ती बाद. एक वरच्या मजल्यावर, बरोबर मधोमध, तिला गोल खिडकीसुद्धा होती. तिसरी खाली, स्वयंपाकघराला लागून, बिनखिडकीची. म्हणजे निवडायचं काही उरलंच नव्हतं. वरची मधली. मी मनातल्या मनात तिच्यात राहायलाही गेले होते.

ती खोली आखायची कल्पना बाबांची. खोल्या सगळ्या सारख्याच मापाच्या होत्या. नकाशावर माप फुटांत होतं. चाचानं ट्रकची ताडपत्री बांधायची दोरी आणली, बाबांनी चुना कालवला, आणि सारवलेल्या अंगणात माझी खोली उमटली. दार कुठं, तोंड धुवायचं भांडं कुठं, वरखाली पलंगांच्या जोड्या कुठं, सगळं. खालच्या एका पलंगाच्या जागी माझी बाज टाकली. बाबा त्या चुन्याच्या दारातून वाकून आत येत. कशाला वाकत कोण जाणे, वर तर आभाळ होतं.

त्या दुपारी मला अजून आठवतात. खानावळीतली जेवणं आटोपलेली, माय ओसरीवर पदर तोंडावर घेऊन पडलेली, आणि मी केबिनमध्ये. कडुनिंबाची सावली अंगावरून सरकायची. डोळे अर्धे मिटले की सावली हलते आहे का बाज हलते आहे ते कळायचं नाही. दूर घाटाकडून ट्रकचा आवाज यायचा, मोठा व्हायचा, अंगणावरून निघून जायचा आणि मग पार लांब जाऊन विरायचा. समुद्राचा आवाज असाच असेल असं मी ठरवून टाकलं होतं. मी तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैनगंगेचा पूर. तो मी डोळ्यांपुढं आणायची, त्याचा गढूळ रंग काढून टाकायची, पलीकडचा काठ पुसायची, आणि त्यावर माझी बाज सोडून द्यायची. बाज हळूहळू जायची. कुठं बाभळीचं झाड नाही, कुठं नळावरची बाई नाही. कधी कधी पलीकडून नवरा हाक मारायचा, पण त्याचा चेहरा मला नीट दिसायचा नाही. इतक्या दिवसांत तो पुसट झाला होता. मला त्याचंच फार वाईट वाटायचं.

मायनं या सगळ्यात तोंड उघडलं नव्हतं. ती येता-जाता चुन्याच्या रेषा ओलांडायची, पाय न लावता. मग एक दिवस चाचा आणि आणखी दोघं-तिघं जेवत असताना तिनं भाकर थापता थापता विचारलं, "थे सैपाकघराजवळची खोली अजून रिकामी हाय काय?"

"आहे ना. तिला कोण घेणार?" मी म्हणाले.

"थेच घ्या."

चाचा म्हणाला, "अरे भाभी, भट्टी है वो. मेरी गाडी में इंजन पे पाँव रखके बैठो, वैसा लगता. बच्ची का क्या होगा?"

"चूल जवळ, पानी जवळ. बाईमानसाले अजून काय पाह्यजे?" माय म्हणाली. ड्रायव्हर लोक पोट धरधरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जहाजात काय ती भाकरी थापायला जाणार होते मी? विहिरीचं पाणी आणणार होते? मी तिथंच तणतणले. म्हणाले, "माय, तुला काही कळत नाही, तू मधात पडू नको."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. "थे खोली नसन तं पोट्टी जानार नाही," ती बाबांकडं पाहून म्हणाली. तेवढंच. बाबा आयुष्यभर गल्ल्यावर बसले, पण घरात शेवटचा शब्द चुलीवरून यायचा. एजंटाचं पत्र मलाच लिहावं लागलं. मी रागानं इतकं दाबून लिहिलं की टाक मोडला.

इथं माझ्याबद्दल एक सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी कधी मागून खाल्लं नाही. लहानपणापासूनची खोड. पंगतीत वाढपी पुढून निघून गेला तर मी त्याला थांबवणार नाही, कोरड्या पत्रावळीवरून उठेन. एकदा मावसबहिणीच्या लग्नात अशीच उठून आले, दिवसभर उपाशी राहिले आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडले. मायनं मला पाणी पाजलं आणि म्हणाली, "एवढा ताठा बरा नाही वं. लोकाच्या घरी कसं होईन तुहं?" ती शेकडो परक्यांना जेवू घालायची. कोणाला काय हवं ते चेहऱ्यावरून ओळखायची. मलाही ती न विचारता वाढायची, आणि मी मुकाट्यानं खायची. त्यामुळं आपल्याला मागता येत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मायनं हातावर दही दिलं. "जाजो. जेवजो," एवढंच बोलली. बस सुटली तेव्हा मी रुसलेलीच होते.

मुंबईला जहाज पाहिलं आणि राग विसरले. गावाएवढं मोठं ते. आत जिने, जिन्यांखाली जिने, आणि मला खाली, आणखी खाली नेलं. दार उघडलं तर माझं अंगण! भांडं तिथंच, पलंग तिथंच. डोळे मिटूनही मी चालले असते. फक्त कडुनिंबाच्या जागी पांढरं छत होतं, आणि भिंतीला हात लावला तर भिंत गरम होती. पलीकडं स्वयंपाकघर धडधडत होतं. रात्रंदिवस भांडी आदळत, आणि उकडलेल्या मांसाचा, लोण्याचा, कशाचा तरी गोडसर वास दाराच्या फटीतून आत यायचा. ना फोडणी, ना मिरची. जहाज हललं आणि माझ्या पोटातलं सगळं वर आलं.

सोबतच्या दोन बायांनी आरडाओरडा करून जागा बदलून घेतल्या. मी नाही. कोणाला सांगू, काय सांगू? मी पलंगावर पडून राहिले. वाढपी ताट आणून ठेवायचा, मी भिंतीकडं तोंड करायची, तो ताट परत न्यायचा. पाणीसुद्धा टिकेना. मायला मी मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग डॉक्टर आला. गोरा, भला माणूस होता. त्यानं नाडी पाहिली, नर्सला काहीतरी सांगितलं, आणि नर्सनं मला हिंदीत समजावलं. असंच चाललं तर पुढं नेता येणार नाही, वाटेत एडन बंदर आलं की उतरवून तिथल्या दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि बरी झाले की परतीच्या जहाजानं घरी.

घरी. मला नळ दिसला. घागरी दिसल्या. आणि बाया काय म्हणतील तेही ऐकू आलं, "गेलती नं वं तू? मंग? त्यानं नाही ठेवलं?" मी रडले. खूप रडले. पण उठायची ताकद नव्हती, आणि खरं सांगते, इच्छाही नव्हती. डोळे मिटले की मी अंगणातल्या बाजेवर असायची आणि पूर मला उलटा, घराकडं घेऊन जायचा.

अशाच एका सकाळी मला वास आला. आधी वाटलं, स्वप्नातच आहे. तेल तापलेलं. मग मोहरी. मग लसूण, आणि मागून तांबड्या मिरचीचा ठसका. माय वरणाला फोडणी देत होती. मी खोकले, आणि खोकल्यानं जागी झाले, तरी वास तसाच. मी उठले. भिंतीला धरधरून बाहेर आले आणि वासामागं चार पावलं गेले, तेवढंच अंतर होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी गोव्याचे खलाशी आपल्यापुरती आमटी आणि भात शिजवून खात बसले होते. गोऱ्यांचं जेवण वेगळं, त्यांचं वेगळं, तेही भल्या सकाळी, मी ग्लानीत असायची तेव्हा शिजायचं. ते आपसांत बोलत होते, हसत होते. माझ्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

मी दारात उभी राहिले. कोणीतरी वर पाहील, या म्हणेल, म्हणून वाट पाहिली. कोणी पाहिलं नाही. पातेल्यातला भात संपत आला होता. आयुष्यभर मी अशा वेळी मागं फिरले होते. पण मागं एडन होतं.

"मला द्या," मी म्हणाले. त्यांच्या हसण्यात ते बुडालं, म्हणून पुन्हा म्हणाले, "मला भूक लागलीय. थोडा भात द्या."

त्यांतला एक पिकल्या मिशांचा खलाशी चटकन उठला. त्यानं आपलंच ताट पुसून मला भात वाढला, वर आमटी ओतली. मी तिथंच जमिनीवर बसून खाल्लं, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत. ते पोटात राहिलं. एडन आलं आणि गेलं, मला कोणी उतरवलं नाही. रोज सकाळी मी तिथं जायची. विलायतेच्या थंडगार धक्क्यावर नवरा दिसला तेव्हा मी माझ्या पायांनी उतरले. त्याचा चेहरा मला लगेच ओळखू आला, उगीच घाबरले होते.

पहिल्यांदा माहेरी आले तोवर बरीच वर्षं गेली होती. खानावळ तशीच, कडुनिंब थोडा वाढलेला. बाबांनी सांगितलं, गावाला गेलेलं माणूस पोचल्याचं कळेपर्यंत त्याची जागा झाडू नये, म्हणून मायनं सगळं अंगण सारवलं, पण माझी केबिन सोडून. पोचल्याची तार आली त्या दिवशी तिनं शेण कालवलं आणि ती जागा सारवली. मला हे कोणी पत्रात लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी चुलीजवळ जेवायला बसले. माय भाकर थापत होती. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी काढलंच. "माय, तू निवडलेली खोली जहाजातली सगळ्यात वाईट होती बरं. चाचा खरं बोलत होता. भट्टी होती भट्टी."

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "चुलीजवळ मी बसतो की तू?"

"मग काहून घेतली?"

तिनं भाकर तव्यावर टाकली, हात पुसले. "तू मागून खात नाहीस," ती हळूच म्हणाली. "वरच्या खोलीत हवेशीर मेली असती. कोनाले पत्ता लागला नसता. चुलीजवळ वास तं येईन, एखाद्या दिवशी उठशीन तरी, असं वाटलं. आता पोरीची खोड त्या ड्रायव्हर लोकाईसमोर कशी सांगू? हसले तं हसले मले."

मी तिला मोहरीचा वास सांगितला, गोव्याचे खलाशी सांगितले, दारात उभी राहिले ते सांगितलं. ती ऐकत होती आणि भाकर करपत होती, तिच्या हातून कधी करपली नव्हती.

"मंग? त्याईनं बलावलं?"

"नाही. मी मागितलं."

"तोंडानं?"

"तोंडानं."

तिनं पदरानं डोळे पुसले, धूर झाला म्हणून. "मंग झालं," ती म्हणाली. "आता कुठीबी राहशीन तू." माझं ताट रिकामं झालं होतं. तिच्या हातात भाकर होती, पण ती वाढेना. नुसती माझ्याकडं पाहत थांबली. मला कळलं ती कशासाठी थांबली आहे. मी ताट पुढं केलं.

"माय," मी म्हणाले, "अजून एक भाकर दे."