दुधीवरची भुरी

माझी शाळा चौथीपर्यंत. पण भुरी ओळखायला चौथीसुद्धा लागत नाही. गुरुग्रामला मुलाच्या सोसायटीच्या गच्चीवर मी मोठ्या कुंड्यांत दुधी लावला होता. कळ्या धरल्या आणि पानांवर पीठ चाळल्यासारखे पांढरे डाग आले. भुरीच ती.

सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "अंकलजी, ये बीमारी सबके गमलों में फैलेगी. दवाई मारो, नहीं तो उखाड़ दो."

जे फळ घरात शिजणार, त्यावर बाजारातलं औषध मी मारत नाही. म्हटलं, "दो इतवार दीजिए. ठीक नहीं हुआ तो अपने हाथ से उखाड़ूँगा."

सून म्हणाली, "बाबा, शब्द देऊन बसलात. आता?"

"आता लसूण सोलायला बस."

लसूण वाटून भिजवला, गाळला. त्यात कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क आणि पानाला धरून राहावं म्हणून रिठ्याचं पाणी. बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरलो तर शेजारीण नाकाला ओढणी लावून म्हणाली, "अंकल, किसका तड़का है?"

"बीमारी का!"

पहिली फवारणी मी घट्ट अर्काचीच केली. जास्त लसूण, जास्त गुण, असा माझा हिशेब. पानांच्या कडा करपल्या. चूक माझी होती, पण हे फक्त इथं लिहितोय. घरी सगळं उन्हावर ढकललं. मग अर्क पातळ केला, आधी एकाच पानावर मारून दिवसभर थांबलो. पान टिकलं. त्यानंतर एक दिवसाआड पहाटे पानं उलटून दोन्ही बाजूंनी फवारत राहिलो.

दुसऱ्या रविवारी सेक्रेटरी आले. खालच्या पानांकडे बोट दाखवून म्हणाले, "दाग तो वैसे ही हैं."

माझ्यासोबत वर आलेल्या सुनेचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "पुराना दाग नहीं जाता, साहब. नए पत्ते देखिए."

त्यांनी चष्मा लावला. शेंड्याकडची पानं एकेक उलटली. सगळी हिरवीगार, कुठं ठिपका नाही.

"मान गए, अंकलजी. रहने दो."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी म्हटलं, "आपके गुलाब पर भी भुरी है. कल सुबह छह बजे आइए, धूप चढ़ने से पहले."

ते आले. मी पंप त्यांच्याच हातात दिला आणि बाजूला उभं राहून सांगितलं, "नीचे से भी मारिए. नीचे से."