खांबाजवळची जागा

माझा गुडघा गेला तेव्हा मी कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या खो-खोच्या संघात खांबाजवळ बसत होते. खो-खोत आठ जणी ओळीनं चौकोनात उकिडव्या बसतात, नववी पाठलाग करते, आणि ओळीच्या दोन टोकांना दोन खांब असतात. खांबाजवळच्या चौकोनात वाटेल तिला बसवत नाहीत. तिथून उठायचं, एका हातानं खांब धरायचा आणि सगळं अंग भिरकावून पळणारीला शिवायचं. मला ते यायचं. अभ्यासात मी बेताची. घर हातकणंगल्याच्या पलीकडच्या खेड्यात, तीन म्हशी आणि थोडासा ऊस. पण मी खांबावर सुटले की आमचे सर तोंडातली शिट्टी काढून बघत राहायचे.

त्या संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजच्या मुलींशी सरावाचा सामना होता. नवीन मॅट अंथरली होती. मी खांब धरला, अंग फिरलं, पण उजवं पाऊल मॅटवरून सुटलंच नाही. ठप् असा आवाज झाला. शेजारच्या चौकोनात बसलेल्या मुलीलाही तो ऐकू गेला. ती पहिल्या वर्षाची होती, कागलच्या पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावची. हॉस्टेलवर माझ्याच खोलीत राहायची आणि मला अक्का म्हणायची. पहिल्यांदा तीच धावली.

"अक्का, कुठं लागलं?"

"काय न्हाय, लचकलं," मी म्हणाले आणि उठायला गेले. उठता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडील गल्लीतल्या एकाची ओम्नी घेऊन मला न्यायला आले. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. सर म्हणाले, "एकदा फोटो काढून घ्या." आप्पांनी मान डोलावली. पण गावाकडच्या वाटेवर एक मालीशवाले होते. जुने पैलवान. आप्पांचा खांदा त्यांनीच बरा केला होता. आप्पांनी गाडी तिकडं वळवली. म्हातारबाबांनी गुडघा दाबून बघितला, म्हणाले, "शीर सरकलीया. तीन आठवडे चोळून घ्या, पोरगी पळंल." मी ओरडू नये म्हणून आप्पांनी माझा हात धरून ठेवला होता.

तीन आठवड्यांनी सूज उतरली. मी नीट चालायला लागले. आप्पा गल्लीत सगळ्यांना सांगत होते, "बघा, डॉक्टरकडं गेलो असतो तर कापाकापी केली असती." आणि मी हॉस्टेलवर परत गेले.

गुडघा मात्र बरा नव्हता. जिना उतरताना तो अधूनमधून निसटायचा. मांडी एकीकडं आणि पोटरी दुसरीकडं जातेय असं क्षणभर वाटायचं. मी कठडा धरून उभी राहायचे. खोलीतल्या त्या मुलीनं एकदा ते पाहिलं.

"अक्का, सरांस्नी सांगूया."

"सांगितलंस तर बोलणार न्हाय तुझ्याशी."

"अगं पण—"

"पंधरा दिवसांवर विद्यापीठाची निवड चाचणी हाय. तुला कळतंय का?"

तिला कळत होतं. विद्यापीठाच्या संघात नाव आलं की पुढं नोकरीच्या अर्जात खेळाडूचा रकाना भरता येतो, हे आमच्या हॉस्टेलमधल्या प्रत्येक मुलीला पाठ होतं. तिनं सरांना सांगितलं नाही. सरांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" मी म्हणाले, "खेळ म्हणाले." मी कुठल्याही डॉक्टरला भेटले नव्हते.

चाचणीत मी दहा मिनिटं टिकले. खांबापर्यंत पोचलेही नाही. मोकळ्या मैदानात नुसती दिशा बदलताना गुडघा निसटला, आणि या वेळी तो परत जागेवर आला नाही. अडकून बसला. सरळही होईना, वाकेना. सरांनी आणि दोन मुलींनी मिळून मला उचलून रिक्षात घातलं.

एमआरआय झाला. डॉक्टरांनी तो फोटो उजेडावर धरून आप्पांना समजावून सांगितलं. गुडघ्याच्या आतली मोठी लिगामेंट पूर्ण तुटली होती, ती पहिल्याच दिवशी. हाडांच्या मधली गादी मात्र नंतर फाटली होती. "लिगामेंट आपण नवीन बसवू," ते म्हणाले. "गादीचा बराच भाग काढावा लागेल. पहिल्यांदाच आला असतात तर ती वाचली असती." आप्पा त्या फोटोकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मालीश केल्यानं झालं का हे?" डॉक्टर म्हणाले, "आता ते बोलून काय उपयोग?"

आप्पांनी त्याचा अर्थ 'हो' असाच घेतला. मी त्यांच्या शेजारी बसले होते. गादी मालिशीनं गेली का खेळल्यानं, हे मलाही नक्की माहीत नव्हतं, पण अंदाज होता.

ऑपरेशननंतरचे दोन महिने मी गावात घरी होते. आठवड्यातून तीनदा आप्पा मला त्याच ओम्नीतून कोल्हापूरला फिजिओथेरपीला न्यायचे. तिथल्या मॅडम बारीक चणीच्या होत्या, बोलायला गोड आणि हाताला निर्दय. पालथं झोपवून टाच पाठीकडं दाबायच्या आणि गुडघा किती अंश वाकला ते मोजायच्या. साठ. सत्तर. परत साठ. मी उशी दातात धरायचे. आप्पा पडद्याबाहेर बसलेले असायचे. माझा आवाज फुटला की त्यांच्या चपला वाजायच्या. ते उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहायचे.

शेजारच्या पलंगावर एक सत्तरीच्या बाई असायच्या. निवृत्त शिक्षिका, दोन्ही गुडघे बदललेल्या. "तू तरुण आहेस बाळ, तू माझ्याआधी पळशील," असं त्या रोज म्हणायच्या. दोन महिन्यांत त्या काठी टाकून जिना चढायला लागल्या आणि सगळ्यांना पेढे वाटून घरी गेल्या. माझा गुडघा नव्वदच्या पुढं सरकत नव्हता. मी तो पेढा हातात धरून बसले होते. मॅडम म्हणाल्या, "तुलना करायची नाही." पण शेजारच्या पलंगावर आता दुसरंच कुणी तरी झोपलं होतं. पडल्या पडल्या तुलनेशिवाय करायला दुसरं होतं तरी काय?

घरी आई सगळं करायची. गरम पाणी, शेक, पायाखाली उशी. तिला माझं खेळणं कधीच पटलं नव्हतं. पोरीची जात, अर्धी चड्डी घालून गावोगाव फिरती, एवढं एकदाच ती बोलली होती. एके सकाळी तिला ताप होता, म्हणून मी धार काढायला गोठ्यात गेले. बादली घेतली आणि म्हशीजवळ बसायला गेले, तर बसताच येईना. गुडघा अर्ध्यातच थांबला. मी पाय पसरून बसायचा प्रयत्न केला, म्हैस बिचकली, बादली आडवी झाली. आई तापानं फणफणलेली, पण उठून आली. मला बाजूला सारलं आणि स्वतः बसली.

धार काढता काढता माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी बरं झालं म्हणत न्हाय. पण आता तरी घरात ऱ्हाशील."

ती वाईट मनानं बोलली नव्हती. तिचा आवाज हलका होता, बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता इतका. त्यानंच मला जास्त लागलं. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले. आत जायचं का बाहेर, ते मला कळत नव्हतं.

तिसऱ्या वर्षाला मी हॉस्टेलवर परतले. जिना नको म्हणून मला तळमजल्यावर खोली दिली. ती कागलकडची मुलगी वरच्या मजल्यावरच्या तिच्या मैत्रिणी सोडून माझ्याबरोबर खाली आली. सकाळी माझी गरम पाण्याची बादली तीच आणायची. आता खांबाजवळ ती बसत होती. सरांनी तिला माझ्या जागेवर घेतलं होतं, आणि तिला ते जमत होतं. सरावाहून आली की ती मला सगळं सांगायची. कोण कशी पळाली, सर कुणावर ओरडले, खांबावर तिचा हात कसा घसरला. माझं मन लागावं म्हणून सांगायची. मी भिंतीला टाच घासत गुडघा वाकवायचा व्यायाम करत ऐकायचे. शंभर वेळा करायचा असायचा.

एकदा तिनं विचारलं, "अक्का, खांब धरताना अंगठा वर ठेवायचा का खाली?"

"माझ्या जागेवर बसतीस आणि मलाच विचारतीस व्हय?"

मला वाटलं होतं ती भांडेल. तिनं बॅग उचलून कोपऱ्यात ठेवली आणि दिवा लावून अभ्यासाला बसली. त्यानंतर तिनं खेळाचं नाव काढलं नाही. बादली रोज आणत राहिली. मी तिची माफी मागितली नाही. अंगठ्याचंही सांगितलं नाही. अंगठा खाली ठेवायचा असतो.

ऑपरेशनला दहा महिने झाल्यावर डॉक्टरांनी सगळ्या चाचण्या घेतल्या. एका पायावर उड्या, बाजूला उड्या, मांडीची ताकद. म्हणाले, "हळूहळू मैदानावर जा. लिगामेंट छान धरलीय." गुडघा अजून पुरता वाकत नव्हता. "तेवढं राहील," ते म्हणाले.

मी मैदानावर गेले तेव्हा सर खूश झाले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सरांनी कागलकडच्या मुलीला हातानं खूण केली. ती उठली आणि तिनं खांबाजवळचा चौकोन मोकळा केला. मी बसले. पूर्ण बसता येत नव्हतं. उजवा पाय जरा पुढं काढून, एका अंगावर कलून बसले. खेळ सुरू झाला. पाठलाग करणारी माझ्यामागं आली, पाठीवर हात बसला आणि कानाजवळ तिचा आवाज आला, "खो!"

मी उठले नाही.

उठता येत नव्हतं असं नव्हे. डॉक्टरांच्या समोर मी यापेक्षा अवघड गोष्टी केल्या होत्या. पण समोर खांब होता, खाली मॅट होती आणि माझे दोन्ही हात जमिनीला टेकले होते. पळणारी माझ्यासमोरून निघून गेली. ओळीतल्या सगळ्या जणी माझ्याकडं बघत होत्या. सरांनी शिट्टी मारली. "असू दे, परत." दुसऱ्यांदा खो मिळाला, तेव्हा मी उठले आणि उभी राहिले, नुसतीच. तिसऱ्यांदा उठून पळाले. खांबापाशी पोचल्यावर पाय आपोआप थांबले. मी खांबाला हात लावला आणि देवळात प्रदक्षिणा घालावी तशी चालत त्याला वळसा घालून पलीकडं गेले.

आमच्या मैदानावर कुणी चुकलं की मुली फार हसायच्या. नावं ठेवायच्या, ओरडायच्या. मलाही कितीदा हसल्या होत्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही. एकीनं बुटाची नाडी बांधायला घेतली, ती आधीच बांधलेली होती. तेव्हाच मला कळलं, की त्या आता मला खेळणाऱ्यांत धरत नाहीत.

सर म्हणाले, "घाई न्हाय. रोज ये." मी आठ दिवस गेले. आठही दिवस खांबापाशी तेच झालं. नवव्या दिवशी सरांनी खेळाचं गुणपत्रक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तोवर हे सांभाळ." मी दोन संध्याकाळी गुण लिहिले. मग जायचं बंद केलं.

त्या वर्षी कागलकडची मुलगी विद्यापीठाच्या संघात आली. संघाचं नवीन जॅकेट घेऊन ती खोलीत आली तेव्हा मी डोळे मिटून पडले होते. ती माझ्या पलंगाजवळ जरा थांबली. जॅकेट कपाटात ठेवलं, घडी न उलगडता. ते तिनं माझ्यासमोर एकदाही घातलं नाही. वर्ष संपल्यावर आम्ही दोघींनी सामान बांधलं, तिच्या ट्रंकेचं कुलूप लागत नव्हतं म्हणून मी वर बसले आणि तिनं ते लावलं. "येतो अक्का," ती म्हणाली. मी म्हणाले, "ये."

गावी परत आल्यावर एकदा जेवताना मी सांगून टाकलं, की आता खेळणार नाही. आईनं मला आणखी एक भाकरी वाढली. आप्पा ताटाकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी मी गाडी तिकडं वळवली न्हाय पायजे होती."

"तसं न्हाय ओ आप्पा," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. गुडघा निसटत होता हे मी लपवलं, डॉक्टर खेळ म्हणाले असं खोटं सांगितलं, यातलं काही मी बोलले नाही. भाकरीचा तुकडा मोडत राहिले. आप्पांनी पुढचं ऐकायला थोडा वेळ वाट बघितली, मग हात धुवायला उठले. त्याला आता पाच वर्षं झाली. ते दूध घालायला त्या मालीशवाल्यांच्या घरावरून जात नाहीत, लांबच्या वाटेनं जातात.

मी आता हातकणंगल्यात एका सेवा केंद्रात काम करते. लोकांचे अर्ज भरून देते, दाखले छापते. पोलीस भरती निघाली की मुलींची रांग लागते. मीही दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा धावताना गुडघ्यात पाणी झालं. परवा एक मुलगी आली. उन्हानं काळवंडलेली, ढोपरं खरचटलेली. मी खेळाडूच्या रकान्यापर्यंत आले आणि विचारलं, "कुठला खेळ?"

"खो-खो," ती म्हणाली.

तिचं प्रमाणपत्र मी स्कॅनरवर ठेवलं. ती उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होती. तिला काही विचारावं असं वाटलं नाही. अर्ज भरून झाला, पावती काढून तिला दिली आणि मागच्या मुलीला पुढं यायला सांगितलं.